माझ्या टॉफीला भुंकायला शिकवणाऱ्या महाशयांना

आज, १४ मे, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. वाशीमच्या बाहेर कुत्री सांभाळायला घेणाऱ्या एका गृहस्थांच्या लोखंडी फाटकाला माझा टॉफी बांधलेला होता. भर उन्हात, एकटा.

टॉफी लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर. आजारी नणंदेकडे मानोऱ्याला जाताना मी त्याला दोन दिवस तिथे ठेवलं. स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं: अंगावर दाट कुरळे केस आहेत, सावलीत ठेवा, रोज विंचरा. आणि हा माणसांवाचून राहू शकत नाही, एकटं सोडू नका.

"कागद वाचला होता बाई," ते म्हणाले. "पण चोर आला तरी शेपटी हालवते हा! एकटा बांधला तं भुकाले शिकल, म्हनलं. तुमी एकट्या राह्यता, तुमच्यासाठीच केलं."

माझ्यासाठी! राखण हवी असती तर मी दाराला दुसरं कुलूप लावलं असतं. मला पायाशी झोपणारं कोणीतरी हवं होतं.

मला पाहून त्याने धापा टाकत, पडल्या पडल्याच शेपटी हलवली. डॉक्टरांकडे नेताना ऑटोत, माझ्या मांडीवरच तो गेला.

मंडळी, प्रेमळ असणं ही कुत्र्याची खोड आहे का, मोडून काढायला?

आणि महाशय, तोंडी माफी मला नको. त्याला किती वाजता बांधलं आणि शेवटचं पाणी कधी पाजलं, हे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सहीनिशी लिहून द्या.