सुलाबाईचा शॉट

ताडकळसच्या बाजारात तंबू ठोकून सिनेमा दाखवणारा चंद्रभान फुकट्या पोरांना हाकलायचा, पण सटवाजीच्या उद्धवपुढं त्यानं हात टेकले. हे पोरगं पडद्याकडं पाठ करून मशीनकडंच बघत बसायचं. शेवटी चंद्रभाननं त्याला रीळ उलट गुंडाळायच्या कामाला लावलं. तंबू उठून बोरीला गेला की उद्धव त्याच्या मागं बोरीला. सटवाजी कान धरून परत आणायचा, आणि पोरगं पुन्हा गायब.

मॅट्रिक झाल्यावर चंद्रभाननंच त्याला मुंबईत ओळखीच्या माणसाकडं धाडलं. माहितीपट काढणाऱ्या एका कंपनीत उद्धव आधी पेट्या उचलू लागला, मग कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकला. फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, नुसत्या बोटांनी. युनिटमध्ये आता हे काम त्याच्याकडंच असायचं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कंपनीनं दुष्काळी कामांवर फिल्म करायला घेतली. कुठं जायचं, असं दिग्दर्शक दिनकरराव विचारू लागले, तेव्हा उद्धवच म्हणाला, "आमच्या परभणीला चला." गावानं आपल्याला एकदा कॅमेऱ्याजवळ उभं बघावं, एवढीच हौस होती त्याला.

ताडकळसबाहेर रस्त्याच्या खडीचं काम चाललं होतं. आईबाप दोघंही तिथंच आहेत हे त्याला ठाऊक होतं. तरी आईला, सुलाबाईला, बघून तो चपापला. गळ्याची हाडं वर आलेली, ओठांवर धूळ बसलेली. ती मात्र बायांना सांगत सुटली, "ह्यो माझा उद्धव!"

दिनकररावांच्या कानावर ते गेलं. "तुझी आई? वा! मग तूच सांग त्यांना. खडीची पाटी घेऊन चढण चढायची आणि कॅमेऱ्याजवळ आलं की हसायचं."

लहानपणापासून कॅमेऱ्याजवळ उभं राहून जे हुकूम द्यायचं स्वप्न होतं ते उद्धवनं पहिल्यांदा दिले, आणि ते आईला.

"माय, तिथून पाटी घेऊन ये. हिकडं बघू नको. जवळ आलीस की हस."

"हसू कशाला?"

"साहेब म्हणायलेत."

"बरं बाबा. लेकाचं काम हाय."

पहिल्या वेळी ती उद्धवकडं बघूनच हसली. दुसऱ्यांदा ट्रकचा धुराळा मधे आला. ऊन डोक्यावर आलं होतं. उद्धव दिनकररावांजवळ गेला. "साहेब, पाटी निम्मी केली तर?"

"पडद्यावर लगेच कळतं रे ते." माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिला पाजलं, आणि पुन्हा चढणीकडं बोट दाखवलं.

तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं. सुलाबाई चढण चढली, जवळ आली, आणि असं हसली की कॅमेरामनच्या तोंडून "वा" निघालं. दुसऱ्याच क्षणी तिचा गुडघा लचकला आणि भरली पाटी तिच्या पायावर आली. कॅमेरा अजून चालूच होता.

दिनकररावांनी लगेच जीप दिली. परभणीच्या दवाखान्यात कळलं, पायाची हाडं मोडलीत. युनिटला तेव्हाच बीडकडं निघायचं होतं आणि फिल्म भरायला दुसरं कुणी नव्हतं. उद्धव खाटेजवळून हलेना.

"जा तू," सटवाजी म्हणाला. "तू थांबून हाड जुळायचंय का?"

तो गेला.

मुंबईला संकलनाच्या खोलीत तो शॉट चालू झाला. आई हसली, मग पडली. दिनकररावांनी उद्धवकडं बघायचं टाळलं. "हसण्यावर कापा," ते संकलकाला म्हणाले. मग हळू आवाजात, "आपल्या फिल्मचा विषय तो नाही रे." उद्धवनं पुढच्या रिळाचा डबा उघडला. कापलेला तुकडा टोपलीत पडला आणि मशीन पुढं सरकलं.

त्या शॉटचं कौतुक झालं. चेहरा मिळवून देणारा पोरगा म्हणून उद्धवचं नाव झालं, नि दोन वर्षांत तो स्वतः कॅमेरामन झाला. कालवे, देवीची लस, नव्या शाळा, सगळं त्यानं टिपलं. इकडं सुलाबाईचा पाय वाकडाच जुळला. मुकादमानं तिला पुन्हा कामावर घेतलं नाही, कामावरच्या माणसांना खायला मिळायची ती तिच्या वाटणीची सुकडीही बंद झाली. भिंत धरून ती घरातल्या घरात चालायची.

मग एकदा सरकारी प्रचाराची गाडी ती फिल्म घेऊन ताडकळसला आली. उद्धव तेव्हा सुटीवर होता. पडद्यावर सुलाबाई घराएवढी झाली, हसली. बाया ओरडल्या. चित्रामागून एक भरदार आवाज सांगत होता, की हाताला काम मिळालं, चेहरे फुलले. सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्या हाय का ती? लय चांगली दिसायलीय रे."

सकाळी सटवाजी उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "पाटी पडली ते दिसलं न्हाई."

"ते काढून टाकलं, बा."

"कुणी?"

"साहेबानं."

"तू व्हतास की तिथं?"

"व्हतो."

"मग तुझं काम काय असतंय तिथं?"

उद्धव सांगू लागला. उजेड मोजायचा, अंतर धरायचं, चित्र धूसर होऊ द्यायचं नाही. सटवाजी मन लावून ऐकत होता आणि उद्धवचा आवाज उतरत गेला.

"बरं हाय," सटवाजी म्हणाला. "सावलीतलं असतंय का काम?"

"न्हाई बा. उन्हातलंच."

सटवाजीनं मान हलवली. आतून सुलाबाईनं हाक मारली, भाकरी झाली म्हणून. उद्धवची परत जायची परभणीची गाडी सुटायची वेळ होत आली होती.