चौथा प्लग

बाबा रिटायर झाले, पण त्यांचा नाकावरचा राग अजून ड्युटीवरच आहे. आमची वीस वर्षांची गाडी झटके खात मिसिंग मारायला लागली, तरी ते मेकॅनिकला बोलावू देईनात. "त्याला काय कळतंय? सगळे पार्टच बदलत बसेल!"

अंगणात बॉनेट उघडून त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि रबरी हातमोजा घालून चारही प्लगच्या वायरी एकेक करून उपसून पाहायला घेतल्या. "जी काढल्यावर इंजिन अडखळतं, तिचा प्लग ठणठणीत. जी काढून काही फरकच पडत नाही, तिचा बिघडलेला," त्यांनी मला दरडावून समजावलं.

पायरीवर मटार सोलत बसलेली आई म्हणाली, "परवा तुम्ही दोन दिवस वन्संकडे गेला होतात. इथे कुणी अडखळलं नाही हो."

बाबांनी चौथी वायर उपसली, तरी इंजिन आपलं तसंच धडधडत राहिलं. ते बंद करून प्लग काढला, तर काळाकुट्ट. बाबांनी तो पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारून परत बसवला. गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

"बघ," ते आईला म्हणाले, "बिघडला म्हणून फेकायचा नसतो. घासूनपुसून परत बसवायचा."

"मला काय सांगता? चाळीस वर्षं मी दुसरं काय करतेय?"