सखूनं ज्याचं नाव घेतलं नाही

मंडळी, आज दुपारी नातवाला इंग्रजीतलं धिस आणि दॅट शिकवत होतो. खिडकीबाहेर बोट दाखवून तो म्हणाला, "दॅट इज अ टायगर." मी उठून खिडकी लावली.

पंचावन्न सालच्या सुमारास चिमूरपलीकडच्या जंगलातल्या आमच्या शाळेत गुरुजी हेच शिकवत होते. वर्गातल्या सखूनं झाडीकडे बोट दाखवलं. "दॅट इज..." म्हणाली आणि थांबली.

"नाव सांग."

"ज्यानं माह्या मायले नेलं, तो. नाव घेतलं का येते तो, गुरुजी."

आमच्याकडे वाघाचं नाव कोणी घेत नसे. गुरुजी बाहेरगावचे. भीती मोडायची म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाकडून 'टायगर' म्हणवून घेतलं. सखू गप्प राहिली.

त्याच आठवड्यात तिचा बाप मोहफुलं वेचायला गेला, तो आलाच नाही.

शब्दानं वाघ येत नाही, हे मलेही समजते. पण तुम्ही खिडकी उघडी ठेवली असती का?