केसरकाकींनी फोडलेल्या बांगड्या

म्हसावदहून आलेल्या गाडीवानाने निरोप दिला तेव्हा मी नंदुरबारच्या घरात गहू निवडत बसले होते. "केसर शेठाणी गयी," दारातूनच तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला वळला. मला रडू आलं नाही. आधी राग आला. ही बाई तापाने अंथरुणाला खिळली, आणि आम्हांला साधा निरोप धाडायचं कुणाला सुचलं नाही? मग लक्षात आलं की तिनेच नको म्हटलं असणार. दुसऱ्याच्या घरी कसलाही निरोप धाडायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. दुसऱ्याच्या जिवासाठी मात्र सगळ्या गावाशी भांडायला ती एका पायावर तयार असे. ते भांडण ज्या दिवशी माझ्यासाठी झालं, त्या दिवसाविषयी आज लिहिते आहे. काकींना जाऊन आता दीड-दोन महिने झाले. याआधी लिहायला बसले होते, पण शाई वाळून गेली...

म्हसावदला आमच्या घराला लागूनच काकींचं किराणा दुकान होतं. मारवाडातून त्यांचे सासरे आले, दुकान थाटलं आणि इथलेच झाले. काकी तरुणपणीच विधवा झाल्या. पुतण्या हाताशी येईपर्यंत दुकान त्यांनी एकटीने चालवलं. कथ्थई ओढणी कपाळाच्या खाली ओढून त्या तराजूमागे बसत. चेहरा अर्धाच दिसे, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरे. बोलायच्या आमच्यासारखीच अहिराणी, फक्त रागावल्या की त्यात मारवाडी मिसळे. मी धुळ्याहून सातवी शिकून आलेली सून, म्हणून मला "धुयानी मास्तरीन" म्हणायच्या. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला त्या कधी आल्या नाहीत. कुणी बोलवायचं नाही आणि त्यांनी यायचं नाही, हे दोन्हीकडून ठरलेलं. सामान द्यायला आल्या तरी उंबऱ्याबाहेर उभ्या राहत.

तो लोणच्याचा दिवस होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली, ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. आमच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका कैऱ्या फोडायला जमल्या होत्या. हे, गावाच्या तोंडी पाटील, सुरतेला गेले होते, धाकट्या नणंदेच्या लग्नाचं कापड आणायला. काकी मोहरी-मेथीच्या पुड्या घेऊन नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. मी फोडींनी भरलेली परात उचलून उठले आणि कैरीच्या रसावरून पाय सटकला. कुणीतरी उठताना विळी आडवी करायची विसरलं होतं. परात एकीकडे गेली, आणि मी डाव्या हातावर पडले ती थेट विळीच्या पात्यावर. आधी बांगड्या फुटल्याचा आवाज ऐकला. दुखलं ते नंतर. मनगटाच्या वर आतल्या बाजूने हात उघडा पडला होता आणि रक्त ठिबकत नव्हतं, उसळत होतं.

त्यानंतरचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, पण ते तुकडे लख्ख आहेत. एकीने हळदीची मूठ टाकली, ती रक्ताबरोबर वाहून गेली. दुसरीने चुना आणला. कुणी माळ्यावरून कोळ्याची जाळी ओरबाडली, कुणी चिंधी जाळून राख केली. सगळ्या माझ्या जिवासाठीच धडपडत होत्या, त्यात वाद नाही. पण आमच्याकडची एक खोड... दुखणाईताला बघायला आलं की दुखणं उघडून बघायचं. न बघता परत गेलं तर माया नाही असा अर्थ होतो. त्यामुळे जी येई ती चिंधी उचले, "थांबनं का वं? देखू दे," म्हणे आणि सुस्कारा टाके. चिंधी उचलली की नुकतं धरू लागलेलं रक्त पुन्हा उसळे. माझ्या कानात गुणगुण सुरू झाली होती. हातपाय गार पडत होते, आणि मला एवढंच कळत होतं की मी मरते आहे आणि हे इथे नाहीत.

तेव्हा काकींनी उंबरा ओलांडला. त्या घरात त्यांचं पाऊल पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. येतायेता त्यांनी पुतण्याला हाक मारून दुकानातून तुरटी मागवली. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायला आम्ही त्यांच्याकडून न्यायचो तीच तुरटी. एका बाईला ती पाट्यावर वाटायला बसवलं, दुसरीला धुतलेलं धोतर फाडायला लावलं. मग माझ्या डोक्याशी न बसता हाताशी बसल्या, हात उचलून आपल्या खांद्याला टेकवला आणि वरच्या बाजूला दंड आवळून धरला.

"बांगड्या फोडना पडतीन," त्या म्हणाल्या.

राख घेऊन आलेली बाई दोन पावलं मागे सरली. काही बांगड्या पडतानाच फुटल्या होत्या, पण कोपराच्या बाजूला सरकलेल्या काही अजून धड होत्या आणि फुटलेल्यांचे तुकडे जखमेच्या तोंडाशी अडकले होते. कासाराने चेपून चेपून भरलेल्या बांगड्या, त्या सुजणाऱ्या हातावरून उतरणं शक्य नव्हतं. वरून दाबलं तर काच आत घुसणार. हे मला आज समजतं. त्या वेळी मात्र मलाही एकच दिसलं, नवरा परगावी असताना एक विधवा माझ्या हातातला चुडा फोडणार होती. माझ्या सासूबाई मायाळू होत्या, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा ओळखू येईना.

"मन्हा पोऱ्या परगावले शे," त्या ओरडल्या, "आनि तू रांडमुंड बाई मन्ही सूनना बांगड्या फोडस?"

"फोडस," काकी म्हणाल्या. "तुले सून जोयजे का बांगड्या?"

सासूबाई मधे येऊन बसल्या. त्यांनी माझा हात झाकला. बांगड्या तशाच ठेवून वर हळद बांधा, एवढंच म्हणत राहिल्या. त्यांच्या पदरावर माझं रक्त पसरत चाललं होतं. काकींनी त्यांना ढकललं नाही. दंड धरलेला हात न सोडता तोंड त्यांच्याजवळ नेलं आणि एकदम मोडक्या आवाजात म्हणाल्या, "असंच देखी देखी मन्हा मालकले मारी टाकं सर्वासनी! आख्खी गोनी तुरटी व्हती घरमा..." काकींचे यजमान गावाजवळच्या जंगलातून लाकूड आणताना मांडीत कुऱ्हाड बसून गेले, एवढं आम्हांला ठाऊक होतं. ते आपल्याच दुकानात, तुरटीच्या गोणीशेजारी, येणाऱ्या प्रत्येकाने फडकं उचलून पाहिल्यामुळे गेले, हे तोवर कुणाला त्या बोलल्या नव्हत्या. सासूबाईंचे हात सैल झाले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

काकींनी हातावर फडकं टाकून बांगड्या एकेक करून फोडल्या. निघाली तेवढी काच वेचली, खोल गेलेली सोडून दिली. मग धोतराच्या घडीवर तुरटीची पूड जाड थापली, ती घडी जखमेत बसवली आणि वर दोन्ही तळवे ठेवून सगळा भार दिला. तुरटी अशी झोंबली की मी त्यांना शिव्या दिल्या असं नंतर कळलं. मोठा दीर घोड्यावरून शहाद्याला डॉक्टरांना आणायला निघाला होता. ते येईपर्यंत आता एकच काम होतं, आणि ते दिसायला काहीच नव्हतं... नुसतं बसायचं. ऊन उतरत गेलं. बातमी पसरली तशी माणसं येत राहिली. ज्याला त्याला बघायचं होतं. माझी चुलतसासू तर रडत हात पुढे करून आली.

"थांबनं का वं, शेठाणी?"

"माले ठाऊक नई. आनि तू देखशी तं थांबाव बी नई."

कापडाच्या कडेने लाल ओल दिसली तेव्हाही काकींनी पहिली घडी काढली नाही, वर दुसरी ठेवली.  त्यांचे ओठ हलत होते, जैनांचा नवकार मंत्र म्हणत होत्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाशी धरला, पण तोवर दिवस मावळला होता आणि सूर्यास्तानंतर त्या पाणी घेत नसत. त्या उकाड्यात, दुपारपासून थेंब पोटात नसताना, त्यांनी मान हलवून तांब्या परत पाठवला. मला मात्र पाजायला लावलं. दिवेलागणीच्या सुमारास डॉक्टर आले. त्यांनी आधी दंड नीट बांधून घेतला, मग काकींना हात काढायला सांगितला. त्यांचे हात उघडेनात. डॉक्टरांनी एकेक बोट सोडवलं. रक्त धरलं होतं. त्यांनी शीर बांधली, काच काढली, तांबूस औषध लावून टाके घातले. तुरटी पाहून नाक मुरडलं, नुसतं दाबलं असतंत तरी चाललं असतं म्हणाले. काकी म्हणाल्या, "चालनं असतं. पन पूड नसती तं ह्या बाया माले दाबू देत्यात का?" डॉक्टर हसले. मला तेव्हा हसण्याचंही त्राण नव्हतं.

जीव वाचला, आणि मग खरी धास्ती सुरू झाली. यांचा परतायचा दिवस आला आणि गेला. सुरतेकडे वादळी पाऊस झाल्याचं कानावर आलं, गाड्या खोळंबल्या होत्या, पण नेमकं कुणी सांगेना.  सासूबाई माझ्या पट्टी बांधलेल्या मोकळ्या हाताकडे बघत आणि स्वयंपाकघरात निघून जात. पाणवठ्यावर बायका काय बोलतात ते मला कळत होतं. हे परत आले नसते, तर गावाने काकींना तिथे राहू दिलं नसतं. माझ्या खाटेवरून दुकानाचा ओटा दिसे. काकी गिऱ्हाईक सोडून सारख्या ओट्यावर येत आणि शहाद्याच्या रस्त्याकडे बघत. मला वाटे, मालाची गाडी यायची असेल.

हे आले, धुळीने माखलेले, कापडाचं गाठोडं भिजलेलं. सासूबाई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी कासाराला बोलावून माझ्या उजव्या हातात आणखी हिरव्या बांगड्या भरल्या, डावा अजून पट्टीत होता. काकींकडे कुणी गेलं नाही, आणि त्याही आल्या नाहीत. पुढे हात बरा झाल्यावर मी दुकानात गेले. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, पण हात आहे. म्हटलं, "काकी, बरं झालं, तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही." त्या तराजू पुसत म्हणाल्या, "तुन्हा हात हालस ना, मास्तरीन? मंग जाय, सयपाक कर." मी ते खरं धरून चालले. इतकी वर्षं चारचौघींत मोठ्या तोऱ्यात सांगत आले की आमच्या केसरकाकी कसल्या शकुन-अपशकुनाला भीक घालत नव्हत्या.

निरोप आल्यावर आम्ही दोघं म्हसावदला भेटायला गेलो. दुकानामागच्या खोलीत पुतण्याची बायको बसली होती. शेवटच्या तापाचं ती सांगत होती. काकी कुणाला ओळखत नव्हत्या, पण सारखं एकच विचारत होत्या, "पाटील सुरतथून उनात का?" सुरतेहून आले का? कोण पाटील, कसली सुरत, तिला उमगेना. "शेवटी मीच म्हटलं, उनात काकीसा, उनात. तेवढ्यापुरत्या डोळे मिटायच्या, की परत तेच... उनात का?"

 काकींचाही अपशकुनावर विश्वास होता. आम्हां सगळ्यांहून जास्त होता. आपल्या हाताने एका बाईचं कुंकू पुसलं जाईल असं मनापासून वाटत असताना तिने त्या बांगड्या फोडल्या होत्या, आणि ती भीती एकटीने पोटात ठेवून जगली होती. मला रडू आवरेना. हे माझ्या शेजारी खाली मान घालून बसले होते. ते उठले, काकींच्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन वाकले, आणि घरातल्या घरात बोलावं तसं हळू म्हणाले, "उनू, काकी. मी उनू."