चर्चच्या पायरीवर काढलेल्या चपला

आधीच सांगून टाकतो, युरोपातल्या एखाद्या जुन्या शहरावर लिहावं एवढं मला काही कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी माफ करावं. मी तिथे वीस दिवस होतो आणि त्यातला बराच वेळ चार वर्षांच्या भाच्याला शू लागली म्हणून संडास शोधण्यात गेला. कोणती कमान कोणत्या शतकातली हे पाटीवर लिहिलेलं असायचं, पण पाटी वाचून होईपर्यंत भाचा पुढच्या गल्लीत पोचलेला असायचा. तरी लिहितो आहे, कारण त्यातला एक दिवस मी अजून कुणालाच नीट सांगितलेला नाही.

आम्ही उमरेडकडचे. घरची शेती. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई तेवढंही नाही. कॉलेज आधी ताईने पाहिलं, नर्सिंगसाठी, आणि तिच्या मागून मी. आता मी नागपुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हुडकेश्वरला ताईच्याच घरी राहतो. ताई मात्र तिथे नाही. दीड वर्षापूर्वी ती जर्मनीत, रेगेन्सबुर्ग नावाच्या शहरात, एका रुग्णालयात कामाला लागली. आपल्याकडचा डिप्लोमा तिथे लगेच चालत नाही. एक परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास होईपर्यंत मदतनीस म्हणून राबायचं. परीक्षा दोनदाच देता येते. पहिल्या वेळी ताई नापास झाली होती. या वेळीही तसंच झालं तर तिला हात हलवत परत यावं लागणार होतं. पास झाली तर भाऊजी आणि पोरं तिच्याकडे राहायला जाऊ शकणार होते.

पहिल्या वेळचा तो फोन मला आठवतो. ती नापास झाल्याचं बोललीच नाही. पोरं काय जेवली, वांग्याची भाजी कोणी केली, तिखट किती टाकलं, हे ती अर्धा तास विचारत राहिली. शेवटी भाऊजींनीच विचारलं, तेव्हा म्हणाली, "नाही झालं." तेव्हापासून ताईने फोनवर जेवणाचं विचारलं की पुढे वाईट बातमी आहे असंच मला वाटतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना तिच्याकडे नेऊन आणायचं ठरलं. भाऊजींच्या आईचा पाय मोडला होता, म्हणून त्यांना निघता येईना. मग मी गेलो. भाची आठ वर्षांची, शहाणी. भाचा ताईला 'फोनवाली आई' म्हणायचा. विमानतळावर ताईने हात पुढे केले तेव्हा तो माझ्या पायामागे लपला आणि म्हणाला, "मामा, फोनवाली आई खरंच मोठी हाय." ताई हसली. मी दुसरीकडे पाहिलं.

ताईची दुसऱ्या वेळची परीक्षा आम्ही तिथे असतानाच होती. त्या दिवशी ती पहाटेच उठली होती. निघताना दारात मला म्हणाली, "दुपारी सांगतात. मीच फोन करीन. तू करू नको."

"नाही करत."

"आन् पोरायले घरात कोंडून नको ठेवू. शहर दाखव. इतके दूर आले ते."

म्हणून आम्ही तिघं शहर पाहायला निघालो. माझं लक्ष शहराकडे नव्हतं, हे कबूल करतो. फोन मी शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने त्यावर हात ठेवून पाहत होतो.

आधी डॅन्यूब नदीवरचा दगडी पूल पाहिला. फार जुना पूल आहे, माणसं त्यावरून चालत जातात. भाच्याने मधोमध उभं राहून दोन्हीकडे पाहिलं.

"मामा, इथून मेट्रो काहून नाही जात?"

"इथं मेट्रो नाही बेटा."

"मंग आपल्या नागपूरले हाय ना?"

"हाय."

त्याला शहराबद्दल जे ठरवायचं होतं ते ठरवून झालं. भाचीला मात्र पुलावरचा एक दगडी माणूस आवडला. तो छोट्या छपरावर बसला आहे आणि डोळ्यांवर हात धरून दूर चर्चकडे पाहतो आहे. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "तो बी वाट पाहून राहिला."

मोठ्या चर्चला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दोन उंच मनोरे, काळपट दगड, आणि दाराशी पायऱ्या. भाची पायरीवर बसली आणि तिने चपला काढल्या. तिने काढल्या म्हणून भाच्याने बूट काढले, आणि मीही काढले. हे आम्ही ठरवून केलं नाही. देवाच्या दारात पाय तसेच आत जात नाहीत. तिन्ही जोड मी एका कडेला नीट लावून ठेवले.

आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बाकी सगळ्यांच्या पायांत बूट आहेत. फरशी बर्फासारखी गार होती. एक म्हातारी बाई आमच्या पायांकडे पाहून हसली, पण चांगलं हसली. उंच रंगीत काचांमधून ऊन खाली पडलं होतं. भाचा मोज्यांनी आधी लाल उजेडावर उभा राहिला, मग निळ्यावर. मी हात जोडले. इथल्या देवाला मराठी कळतं का, असा विचार मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. ताईला पास कर, एवढंच म्हणालो.

बाहेर आलो तर पायरी रिकामी होती.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खांबामागे पाहिलं. भाचीने माझा हात ओढला. तिचा चेहरा उजळला होता.

"मामा, चपला गेल्या ना?"

"गेल्या वाटते."

"मंग चांगलं झालं. आजी म्हणते, देवळातून चपला चोरी गेल्या का पीडा बी त्याच्यासोबत जाते. आता आई पास होईन."

मी कॉलेजात शिकतो. असल्या गोष्टींवर मित्रांशी वाद घातला आहे. पण खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, की ते ऐकून माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं. त्यानंतर मी बूट मन लावून शोधले नाहीत. तसेच बस थांब्यापर्यंत जाऊ, असं ठरवलं.

चौक ओलांडला आणि मागून कुणीतरी हाका मारत पळत आलं. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, चर्चचे रखवालदार असावेत, कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा, हातात प्लास्टिकची टोपली. टोपलीत आमचे तिन्ही जोड होते. ते बरंच बोलले. 'किंडर' म्हणजे मुलं आणि 'काल्ट' म्हणजे थंड, एवढंच मला समजलं. बहुधा कुणी विसरून गेलं म्हणून त्यांनी ते आत सांभाळून ठेवले असावेत. मी चारचारदा 'डांके', म्हणजे आभारी आहे, म्हणालो. ते धापा टाकत होते, तरी खाली बसले आणि भाच्याच्या बुटांच्या पट्ट्या त्यांनी स्वतः लावून दिल्या.

भाची मागे सरकली होती.

"नको घेऊ मामा. त्यायले परत दे."

"असं नाही करत वं. ते बिचारे पळत आले."

"मंग पीडा परत आली ना."

त्या गृहस्थांना वाटलं चपला हिच्या नाहीत. त्यांनी त्या तिच्या पायाजवळ ठेवून माप पाहिलं. माप बरोबर होतं. ते खूश होऊन गेले.

भाचीने चपला घातल्या नाहीत. मी रागावलो नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. तिच्या चपला पिशवीत टाकल्या आणि तिला पाठुंगळी घेतलं. भाचा पुढे, आम्ही मागे, असे पुन्हा पुलावर आलो. दोन वाजले. अडीच वाजले. भाच्याने पाव खाल्ला, आणखी एक खाल्ला. भाची त्या दगडी माणसाखाली अनवाणी बसून राहिली. मला वाटलं, मी बूट घातले हे चुकलंच. मग वाटलं, ताईने रात्रपाळ्या करून त्या भाषेतले एवढे जाड शब्द पाठ केले, आणि मी इथे बुटांचा हिशेब लावतो आहे.

पावणेतीनला फोन वाजला.

"कुठी आहा?" ताईचा आवाज बसलेला होता.

"पुलावर."

"पोरं जेवले का?"

भाची माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"अरे, जेवले का?"

"पाव खाल्ला," मी म्हणालो. "ताई, वांग्याची भाजी नको विचारू. काय झालं ते सांग."

पलीकडे ती रडता रडता हसायला लागली.

"भाजी नाही विचारत बावा. भूक लागली मले, म्हणून विचारून राहिली. सकाळपासून काही खाल्लं नाही. पास झाली मी."