अळणी ताट

आम्ही दोघं नवरा-बायको एकत्र बसून जेवलो ते शेवटचं. संध्याकाळी म्हशीची धार काढून आलो, तर तिनं दोन ताटं वाढलेली. दुधीची भाजी, ज्वारीची भाकरी. मीठ कशातच न्हाय. तिचं बीपी वाढलं तवापासनं आमच्यात असंच शिजायचं. डॉक्टरनं पथ्य तिला सांगितलं होतं, मला न्हाय. पण तिनं अळणी खायचं आन मी समोर बसून पापड मोडायचा, हे मला जमलं न्हाय.

"कसं झालंय?"

"गवत बरं लागंल ह्याच्यापेक्षा," मी म्हटलं.

"मग उद्या म्हशीसंगं जेवा की," म्हणून हसली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यातच पडली. कोल्हापूरला नेली. डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणाले. जिती परत आली न्हाय. एवढं पथ्य पाळूनबी नेलीस व्हय, म्हणून मी देवाला शिव्या घातल्या.

तेरावा झाला त्या दिवशी धाकट्या भावाची बायको चहा घेऊन आली. तिचं घर शेजारीच. दोघी जावांना ये-जा करायला कुंपणात वाट ठेवलेली. रडत म्हणाली, "आक्का रोज दुपारी यायच्या हो. तुमचा डोळा लागला की. भाकरीवर चटणी आन तेल घेऊन खायच्या. आता दुपार सरंना बघा."

चहा माझ्या हातातच राहिला. आमची कांदा-लसणाची चटणी वर्षभर टिकावी म्हणून खडेमीठ घालूनच कांडतात.

"डॉक्टरनं मीठ बंद केलतं, ठावं हुतं की तुला?"

"मी मीठ कुठं दिलं, भावजी? चटणीच की ती."

"आन कांडताना त्यात माती घातलीस व्हय?"

ती हळूच म्हणाली, "आक्काच म्हणायच्या, मालकास्नी सांगू नको. बिचारं माझ्यापायी अळणी गिळत्यात."

बिचारं! दोघी भाकरी खात मला बिचारं म्हणत होत्या. धाकटीला कळलं न्हाय म्हणू. पण हिला कळत होतं, म्हणून तर लपवलं. जीव तिचा, कबूल. तो राखायला आम्ही दोघं लागलोय असं मी धरून चाललो होतो. आता भांडावं तर ती समोर न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीत घातलं. येताना ओढ्याकाठच्या बाभळीच्या फांद्या तोडून ओढत आणल्या आन कुंपणातली ती वाट बुजवायला लागलो. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, दोन घास तरी माझ्याकडनं घेशिला न्हवं?"

मी आणखी एक फांदी रेटून बसवली.