राजूभाई स्पेशल

सोडूनच द्यायचा तर मासा पकडायचा कशाला?

हा प्रश्न मी दादाला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि त्याने नुकताच माझ्या हाताएवढा रोहू पाण्यात परत सोडला होता. दादा म्हणाला, "हळू बोल. मासे पळतील."

मग मी तोच प्रश्न त्याच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारला. सलीमभाई नुसते हसले. पटेलकाकांनी मला चिक्की दिली. शिर्के सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि खुर्ची उचलून लांब जाऊन बसले. आज मी बावीस वर्षांचा आहे. उत्तर अजून यायचं आहे.

किस्से मात्र ढिगाने जमले. गळ टाकून बसणाऱ्यांचं असंच असतं. दर रविवारी सकाळी सहाला बडोद्याहून डभोईच्या अलीकडच्या तलावावर पोचायचं आणि दुपारपर्यंत पाण्याकडे बघत बसायचं. मासा लागला तर दहा मिनिटांचं काम. नाही लागला तर सहा तास गप्पा, त्याही कुजबुजत. आमच्या ग्रुपला मासे फार लागत नाहीत. आता तुम्हीच हिशोब करा!

दादा म्हणजे राजूदादा, माझा थोरला भाऊ, आणि मी सगळ्यांचा छोटू. या पावसाळ्याच्या सुरुवातीला तो गेला. ताप आहे म्हणून झोपला आणि सहाव्या दिवशी गेला. त्यावर मला काही लिहिता येत नाही. शिर्के सर म्हणाले, "मग किस्से लिही. बोलतोस तसे लिही, शुद्धलेखन मी बघतो." याच सरांनी मला नववीत मराठीत दोनदा नापास केलं होतं, त्यामुळे बघण्यासारखं भरपूर मिळेल याची त्यांना खात्री असणार!

*

आधी पटेलकाका. सुभानपुऱ्यात राहतात, रिटायर्ड, एकदम कट्टर शाकाहारी. अंड्याच्या लारीसमोरून जाताना श्वास रोखून धरतात. असा माणूस मासे पकडायच्या ग्रुपमध्ये कसा, हे दादालाच ठाऊक. काकांना मासा लागला की ते आधी त्याची माफी मागतात. "सॉरी बेटा, सॉरी, एक मिनिट हं," असं म्हणत गळ सोडवतात आणि पाण्यात सोडताना हात जोडतात, "जय श्रीकृष्ण!"

सोसायटीत हे कळलं तर नाक कापलं जाईल म्हणून काका रॉड पडद्याच्या दांडीच्या खोक्यातून आणायचे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की सांगायचे, "मुलीकडे पडदे लावायचे आहेत." पाच वर्षं दर रविवारी मुलीकडे पडदे!

एका रविवारी ते खोकं घेऊन निघाले, तर काकी मागून दारापर्यंत आल्या. हातात स्टीलचा डबा. काकांच्या हातात तो ठेवून शांतपणे म्हणाल्या, "आजे लोट वधारे बांध्यो छे. तमारा पडदाने खवडावजो."

म्हणजे, आज कणीक जास्त मळली आहे, तुमच्या पडद्यांना खायला घाला!

*

शिर्के सरांची गोष्ट वेगळी. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे सर घाबरत नाहीत. निदान तसं सांगतात.

एकदा आम्ही तलावावर न जाता विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी गेलो होतो. जागा सरांनी निवडली. म्हणाले, "ते बघा, पाण्यात ओंडका आहे. ओंडक्याच्या सावलीला मासे थांबतात. निरीक्षण पाहिजे, निरीक्षण!" आम्ही बसलो. सरांनी ओंडक्याच्या डाव्या बाजूला गळ टाकला, मग उजव्या बाजूला टाकला. तासभर ते आम्हाला निरीक्षण शिकवत होते.

मग ओंडक्याने डोळा उघडला आणि तो निघून गेला.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला मगर नवीन नाही. पण ओळख करून न देता तासभर शेजारी बसलेली मगर नवीन होती. सलीमभाई गाडीच्या टपावर चढले, पटेलकाका कुठे गेले ते कळलंच नाही. सर तेवढे सावकाश उठले, खुर्चीची घडी केली आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "छोटू, जागा बदलू या. इथे ऊन फार लागतं."

आभाळ गच्च भरलेलं होतं.

*

आमच्या ग्रुपमध्ये मासे घरी नेत नाहीत. हा दादाचा नियम. पण त्याहून मोठा नियम म्हणजे, दुसऱ्याच्या चाऱ्यात काय आहे ते विचारायचं नाही. गळाला लावायची कणीक प्रत्येक जण घरी मळून आणतो आणि त्यात काय मिसळलं ते जीव गेला तरी सांगत नाही.

पटेलकाका कणीक साजूक तुपात भाजतात. वेलदोडे घालतात, केशर घालतात. एकदा सरांनी डबा उघडा दिसला म्हणून एक गोळी तोंडात टाकली. मग दुसरी टाकली. काकांना म्हणाले, "वा! कुणाकडे सत्यनारायण होता?" तिसऱ्या गोळीला सलीमभाई म्हणाले, "सर, माशांसाठी दोन ठेवा."

सरांनी तिसरीही खाल्ली. म्हणाले, "मासे माझ्यापेक्षा जास्त खातात."

*

पण मासा लागायचा तो दादाच्या चाऱ्याला. चौघे एका ओळीत बसलेले, पाणी तेच, आणि दोरीवर तरंगणारा फ्लोट बुडायचा फक्त दादाचा. शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघराचं दार लावून कणीक मळायचा. आईलासुद्धा आत प्रवेश नाही. वाटण करायचा, ते मिक्सरचं भांडंही स्वतः घासून ठेवायचा. आई म्हणायची, "लग्नानंतर बायकोला एवढी मदत केलीस तर बरं होईल."

सलीमभाई पाणीगेटला गॅरेज चालवतात. कुठल्याही इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतात, पण या कणकेपुढे त्यांनी हात टेकले. वास घेऊन म्हणायचे, "बडीशेप!" पटेलकाका म्हणायचे, "हिंग!" दादा म्हणायचा, "दोन्ही नाही."

शेवटी सलीमभाईंनी मला फितवलं. गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलवर एक चक्कर, बदल्यात चाऱ्याचा नमुना. मला वाटलं नमुना कशाला, आपणच खाऊन सांगू! विचार करायची सवय मला तेव्हाही नव्हती. चांगला लिंबाएवढा गोळा खाल्ला.

"बोल, काय आहे?" सलीमभाई.

"भाई, पहिल्यांदा गोड लागलं. मग डोक्याच्या तेलासारखं लागलं. मग..."

मगच्या पुढे मी दोन दिवस बाथरूममध्येच होतो. दादा रागावला नाही. साखर-मिठाचं पाणी करून दर अर्ध्या तासाने दारातून ग्लास आत द्यायचा. तिसऱ्या दिवशी ग्रुपला त्याने सांगितलं, "एवढंच सिद्ध झालं की मासे छोटूपेक्षा हुशार आहेत. ते चाखून बघतात."

*

दादाच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, तिघेही आले. पांढरे कपडे घालून भिंतीला टेकून एका ओळीत बसले, तलावावर बसतात त्याच क्रमाने. पटेलकाका, सर, मधे एका माणसाची जागा मोकळी, मग सलीमभाई. लोक येत होते, हात जोडून जात होते. हे तिघे समोरच्या फरशीकडे बघत बसले होते.

मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण रे? दीड तास झाला, हललेसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, "त्यांना सवय आहे."

आणि मला हसू आलं. भावाच्या बेसण्यात मी मोठ्याने हसलो! मामा रागावले, मग माझं तोंड बघून पाणी आणायला गेले.

सगळे गेल्यावर आई त्या तिघांना म्हणाली, "आमच्या घरात मासे खातात. मी बाजारातून विकत आणायची आणि हा सोडून यायचा. इतकी वर्षं तलावावर गेला, एक घरी आणला नाही. का, ते तरी सांगा." सलीमभाईंनी "आई..." एवढं म्हटलं आणि सतरंजीची घडी घालायला घेतली.

माझ्या प्रश्नाच्या रांगेत आता आईही उभी होती.

*

फ्रीजरमध्ये ती कणीक आईलाच सापडली. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, मोसंबीएवढा गोळा. ताप आला त्या शनिवारी मळलेला. दादा मळून झाल्यावर गोळा मुठीत दाबायचा, त्यामुळे त्यावर चार बोटांचे खळगे होते.

आईने बर्फाचा ट्रे बाहेर काढला, आइस्क्रीम बाहेर काढलं. फ्रीजरमध्ये तेवढा एक गोळा राहिला. त्याला कुणी हात लावायचा नाही.

महिनाभराने नदीला पूर आला. आमच्या गल्लीत पाणी भरलं आणि वीज गेली. दुपारपर्यंत फ्रीजर ठिबकायला लागला. आई फ्रीजसमोर स्टूल घेऊन बसली. ते मला बघवेना. मी गोळा डब्यात घातला, डबा डोक्यावर धरला आणि कमरेएवढ्या पाण्यातून निघालो.

गच्चीवरून शेजारी ओरडले, "ए छोटू, मगर आली तर?"

"तिला सांगा, येताना भेटतो!"

पाणीगेटला वीज होती. सलीमभाईंचा मेव्हणा तिथे कुल्फी विकतो. त्याला म्हटलं, "तुझ्या पेटीत हे ठेव. पण कुणाला देऊ नकोस." त्याने कारण विचारलं नाही, सलीमभाईंनी डोळ्यांनीच सांगितलं असावं. डब्यावर त्याने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: "राजूभाई स्पेशल. वेचवानुं नथी."

विकायचं नाही.

चार दिवसांनी मी डबा घ्यायला गेलो तर मेव्हणा हात जोडून म्हणाला, "घेऊन जा बाबा! रोज भांडणं होतात. एका बाईने तर सांगितलं, दोन प्लेट राजूभाई स्पेशल दिल्याशिवाय हलणार नाही!"

हे मी आईला घरी येऊन सांगितलं. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग गोळा तिने पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवला.

*

गेल्या शनिवारी आईने तो स्वतः बाहेर काढला. म्हणाली, "किती दिवस ठेवणार? राजूने मळलंय. उद्या घेऊन जा. पण वाया घालवू नकोस."

मी फोनवर सांगितल्यावर ग्रुपमध्ये धावपळ उडाली. सलीमभाईंनी दादाच्या रॉडचं रीळ उघडून तेल दिलं. सरांनी वजनकाटा आणला. पटेलकाकांनी फोटोसाठी नवीन टोपी घेतली. "आज कटलाच! दहा किलोच्या खाली बोलायचं नाही!" सगळ्यांना ठाऊक होतं की हा शेवटचा गोळा आहे. यातून काही लागलं नाही तर दादाच्या हातचं काही लागायचं संपलं.

रविवारी सकाळी मी त्या मोकळ्या जागेत बसलो. दादाचा रॉड, दादाची खुर्ची. तिघांकडे पाठ करून दोरी बांधली, चिमूटभर कणीक लावली आणि पाण्यात टाकली.

दोन मिनिटांत फ्लोट थरथरला.

"छोटू!" सलीमभाई कुजबुजले.

फ्लोट बुडाला.

"झटका दे! दे झटका!"

मी दिला नाही. फ्लोट वर आला. मी दोरी ओढून घेतली, दुसरी चिमूट लावली, पुन्हा टाकली. पुन्हा बुडाला.

"अरे, हाताला काय झालंय तुझ्या?" पटेलकाका उभे राहिले. "बेटा, खेच ने!"

असं दहा-बारा वेळा झालं. सलीमभाईंनी कपाळ बडवून घेतलं. सर तर नववीच्या वर्गात ओरडायचे तसे ओरडले, "गाढवा! समोर दिसतंय, तरी उत्तर लिहीत नाहीस!" बोटांच्या खळग्यांच्या बाजूचं मी शेवटपर्यंत ठेवलं होतं. मग तेही लावलं. माझी बोटं त्या खळग्यांत बसली नाहीत, दादाचा हात मोठा होता.

या वेळी फ्लोट असा गेला की रॉडचं टोक वाकलं. तिघेही धावत आले. रॉड सरळ झाला. दोरी सैल पडली.

सलीमभाईंनी माझ्या हातातून रॉड ओढून घेतला आणि भराभर दोरी गुंडाळली. टोक हातात घेऊन ते बघत राहिले. मग पटेलकाकांनी बघितलं. मग सरांनी चष्मा लावून बघितलं.

टोकाला नुसती गाठ होती. गळ नव्हताच.

पटेलकाकांनी नवीन टोपी काढली आणि पाण्याकडे बघून हात जोडले. सलीमभाई माझ्या शेजारी जमिनीवरच बसले. सर बराच वेळ ती गाठ चाचपत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "अरे, पकडायचाच नव्हता तर टाकायचा कशाला?"

मी रिकामी पिशवी पाण्यात बुडवली, उरलेले कण बोटांनी खरवडून सोडले, आणि म्हटलं, "हळू बोला, सर. मासे पळतील."